टायर बदलला, सेन्सरचे काय?

मोटारीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर क्षणभर बरेच दिवे लागतात आणि विझतात. त्यांत एक पिवळे चिन्ह असते. वर उघडे तोंड, खाली सपाट बूड, बुडाला बारीक दाते आणि मधोमध उद्गारचिन्ह. हे चित्र फळ्यावर काढून मुलांना विचारा की हे काय असेल. कोणी घोड्याची नाल म्हणेल, कोणी कढई म्हणेल. प्रत्यक्षात तो टायरचा छेद आहे. टायर मधून कापला तर तो असाच दिसतो. हा दिवा जळत राहिला, तर एखाद्या टायरमधली हवा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरली आहे असे समजायचे.

ही सूचना देणाऱ्या व्यवस्थेला टायरदाब-निरीक्षण यंत्रणा किंवा थोडक्यात 'टीपीएमएस' म्हणतात. अनेक मोटारींत तिचा मुख्य भाग, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, टायरच्या आत रिमला बसवलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही. त्यामुळे टायर बदलताना त्याची आठवण अनेकदा राहत नाही, आणि नेमका त्याच दिवशी तो तुटतो किंवा मुका होतो. असे का घडते आणि ते कसे टाळायचे, ते या लेखात पाहू. त्यासाठी लागणारे विज्ञान शालेय पातळीचेच आहे.

हा प्रश्न आपल्या गावचा कसा?

नेर परसोपंत हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव यवतमाळ-अमरावती रस्त्यावर आहे. अशा रस्त्यावर ताशी साठ-सत्तर किलोमीटर हा चांगला वेग. हवा कमी झाली तर गाडी एका बाजूला ओढते, चालकाच्या हाताला ते कळते आणि पुढच्या गावात पंक्चर काढणारा भेटतो. आता परिस्थिती बदलली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. नेरच्या उत्तरेला, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून तो जातो. तिथे मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. रस्ता सरळ आहे, बराचसा सिमेंट काँक्रीटचा आहे आणि उन्हाळ्यात चांगलाच तापतो. गावातल्या रस्त्यावर खपून जाणारी टायरची उणीव इथे जिवावर बेतू शकते. झिजलेल्या टायरच्या गाड्या महामार्गावर येऊ न देण्याची मोहीम परिवहन विभागाने २०२३ मध्ये हाती घेतली, ती यामुळेच.

दुसरा बदल नियमांतला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या मोटारींत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टीपीएमएस आहे, त्यांना स्टेपनी बाळगण्याची सक्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून उरली नाही. म्हणजे काही गाड्यांमध्ये पाचव्या चाकाची जागा सेन्सरने घेतली. ज्याच्या भरवशावर आपण स्टेपनी सोडली, तो सेन्सर टायरच्या दुकानात तुटला आणि कोणाच्या लक्षातच आले नाही, तर?

हवा कमी, उष्णता जास्त

टायर का फुटतो? बहुतेकांचे उत्तर असते, 'हवा गरम होऊन फुगते, म्हणून.' हे अर्धेच खरे आहे. थोडे गणित करू.

टायरच्या दुकानात 'तेहतीस पौंड हवा' म्हणतात. त्याचा अर्थ दर चौरस इंचाला ३३ पौंड दाब, म्हणजे सुमारे २२८ किलोपास्कल. गेजवर दिसणारा हा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त आहे, ते सांगतो. वायूंच्या नियमात मात्र निरपेक्ष दाब घ्यावा लागतो. वातावरणाचा दाब सुमारे १४.५ पौंड धरला, तर टायरमधला निरपेक्ष दाब ४७.५ पौंड झाला. तापमानही निरपेक्ष घ्यायचे. सकाळी २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. टायरचे आकारमान जवळजवळ तेवढेच राहते, म्हणून दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो. दर १० अंशांना ४७.५ चा तिसावा भाग, म्हणजे साधारण १.६ पौंड.

वैशाखातल्या दुपारी महामार्गावरून आल्यावर टायरमधली हवा ६० अंशांवर, म्हणजे ३३३ केल्विनवर पोचली असे समजू. निरपेक्ष दाब ५२.७ होईल आणि गेजवर ३८ दिसतील. चालक घाबरतो, 'उन्हाळ्यात हवा कमीच बरी' असे म्हणत पाच पौंड सोडून देतो आणि गेजवर पुन्हा ३३ आणतो. रात्री टायर थंड होऊन २७ अंशांवर आला की आत उरतात सव्वाअठ्ठावीस पौंड. दुसऱ्या दिवशी गाडी जवळजवळ पाच पौंड कमी हवेवर निघते.

हे घातक का? गाडीचे वजन मुख्यतः दाबाखालची हवा पेलते. हवा कमी झाली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग अधिक चेपतो आणि बाजूची भिंत अधिक वाकते. ताशी १२० किलोमीटर वेगाला साधारण १.९ मीटर परिघाचे चाक सेकंदाला साडेसतरा फेरे घेते. भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला तितक्या वेळा वाकतो आणि सरळ होतो. रबर वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा ते सरळ होताना परत देत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपात आतच राहतो. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती वाकण्याच्या जागी गरम लागते, तसाच हा प्रकार. ही उष्णता साचत गेली की रबर आणि आतले धागे व पोलादी तारा यांची पकड सुटते आणि टायर फाटतो.

सुस्थितीतल्या टायरची दाब सोसण्याची ताकद चार-पाच पौंडांच्या वाढीने संपत नाही. गाडीच्या निर्मात्याने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि चालताना दाब वाढणार हे त्यात गृहीत असते. हा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी आणि गरम टायरची हवा सोडू नये. नायट्रोजन भरला तरी हे गणित बदलत नाही. आपल्या हवेत तसाही ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि वायूचा नियम दोघांनाही सारखाच लागू होतो.

चाकाचे फेरे मोजून दाब ओळखणे

दाबावर लक्ष ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत टायरच्या आत काहीच नसते. ती समजून घ्यायला शाळेतली सायकल पुरे.

करून पाहा : सायकलच्या मागच्या टायरवर खडूने एक खूण करा. चाकात भरपूर हवा भरा. एक विद्यार्थी सीटवर बसेल आणि दोघे सायकल सरळ रेषेत ढकलतील. खूण जमिनीला टेकल्यापासून चाकाचे बरोबर दहा फेरे मोजा आणि कापलेले अंतर टेपने मोजा. आता हवा निम्मी सोडून तोच विद्यार्थी बसवून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी अंतर थोडे कमी भरेल. भाराखाली चाक चेपल्यामुळे त्याची परिणामी त्रिज्या घटली आहे. याचाच अर्थ, तेच अंतर कापायला कमी हवेच्या चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात.

मोटारीत हेच होते. 'एबीएस' ही ब्रेक-यंत्रणा २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना बंधनकारक आहे. तिच्यासाठी प्रत्येक चाकाची गती मोजणारे सेन्सर असतातच. संगणक चारही चाकांचे फेरे ताडून पाहतो. इतर चाकांचे हजार फेरे होताना एका चाकाचे हजारपेक्षा चार-पाच जास्त होऊ लागले, तर तिथे हवा कमी असल्याचा संशय घेतो. रेडियल टायरमध्ये हा फरक एक टक्क्याहूनही कमी असतो, हे लक्षात ठेवा.

टायर बदलताना काय घडते, ते आता पाहू. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते, झिजलेल्याची दोन मिलिमीटर. दोन टायर नवे घातले आणि दोन जुने ठेवले, तर त्रिज्येत सहा मिलिमीटरचा फरक पडला. ३०० मिलिमीटर त्रिज्येवर तो दोन टक्के होतो. ज्या खुणेवरून संगणक हवा ओळखतो, तिच्यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा! म्हणून अशा गाडीत टायर बदलल्यावर यंत्रणा 'रीसेट' करावी लागते. बटण किंवा स्क्रीनवरची सूचना वापरून संगणकाला सांगायचे की आजची स्थिती हीच योग्य समज. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी चारही थंड टायरांत नेमकी हवा भरायची, मगच रीसेट करायचे. नुसता दिवा घालवण्यासाठी कमी हवेवर रीसेट केले, तर यंत्रणा चुकीचीच स्थिती बरोबर म्हणून शिकते आणि पुढे गप्प राहते.

रिमवरचा छोटा प्रयोगशाळा-मापक

दुसऱ्या पद्धतीत दाब थेट मोजला जातो. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला काड्यापेटीपेक्षा लहान, सुमारे तीस ग्रॅम वजनाची डबी असते. तिच्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला बंद निर्वात पोकळी आणि दुसऱ्या बाजूला टायरमधली हवा. दाब वाढला की पडदा किंचित वाकतो आणि त्यावर घडवलेल्या रोधांचा विद्युतरोध बदलतो. ताण दिल्यावर सिलिकॉनचा रोध मोठ्या प्रमाणात बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवले. बदललेला रोध मोजायला तोच व्हीटस्टन सेतू वापरतात, जो आपण बारावीच्या प्रयोगशाळेत जोडतो.

डबीत तापमापक, चाक फिरते आहे का ते सांगणारा त्वरणमापक, छोटा रेडिओ-प्रेषक आणि लिथियमचा सेल असतो. चाक थांबलेले असताना सेन्सर जवळजवळ झोपेत असतो. चाक फिरू लागले की ठराविक अंतराने तो दाब, तापमान आणि स्वतःचा ओळख-क्रमांक रेडिओलहरींनी पाठवतो. या लहरींची वारंवारता अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपात आणि आपल्याकडे ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. ओळख-क्रमांक कशाला? शेजारून जाणाऱ्या गाडीचे सेन्सरही तसेच बोलत असतात. आपल्या चाकांचा आवाज कोणता, हे गाडीला कळायला हवे.

ही पद्धत जगभर पसरण्यामागे एक दुःखद प्रकरण आहे. अमेरिकेत टायरचा थर सुटून गाड्या उलटण्याचे अनेक प्राणघातक अपघात झाले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने लाखो टायर परत मागवले. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत टीपीएमएस सक्तीची झाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती बंधनकारक झाली.

टायर उतरवताना

अशा चाकावर काम करताना कारागिराने काय जपायचे आणि का, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, सेन्सर आहे हे ओळखणे. धातूचा, नट असलेला व्हॉल्व्ह दिसला तर आत सेन्सर असण्याची शक्यता मोठी. पण काही सेन्सर साध्या रबरी व्हॉल्व्हवरही बसवलेले असतात. म्हणून व्हॉल्व्हवर विसंबू नये, गाडीचे माहितीपुस्तक पाहावे. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल, तर सेन्सर आत आहे असे बहुधा समजावे. चारही सेन्सर चालू आहेत ना, हे काम सुरू करण्यापूर्वी मालक आणि कारागीर दोघांनी मिळून पाहावे. म्हणजे नंतर 'आधीच बंद होता' हा वाद उरत नाही.

मग टायरवर, व्हॉल्व्हच्या समोर, खडूने ठळक खूण करावी. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी. टायरची कड रिमपासून सुटी करण्यासाठी यंत्राचे फावडे बाजूने जोर देते. ते व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला लावावे. व्हॉल्व्हपाशी लावले तर दबलेली कड थेट डबीवर येते आणि प्लास्टिकची डबी फुटते. टायर उतरवतानाही यंत्राचा हात किंवा लोखंडी पट्टी व्हॉल्व्हजवळ आत घालू नये. लहान दुकानांत हे काम हातोडा आणि पट्टीने होते. तिथेही खूण पाहून दूरच्या बाजूने सुरुवात केली, तर सेन्सर वाचतो. नवा टायर चढवताना कडेचा शेवटचा, सर्वांत ताणलेला भाग डबीवरून जाणार नाही अशा बेताने चाक धरावे.

टायर निघाल्यावर सेन्सर उघडा दिसतो. तिथे चार लहान वस्तू बदलायच्या असतात. रबरी वायसर, नट, व्हॉल्व्हची पिन आणि टोपी. रबर वर्षानुवर्षे दाबून आणि तापून कडक झालेले असते. एकदा सैल केल्यावर ते जुन्या जागी तसे घट्ट बसत नाही आणि हवा झिरपते. ज्यासाठी सेन्सर बसवला, तीच गळती आपण त्याच्या बुडाशी निर्माण करून ठेवतो.

पिनेचे प्रकरण रसायनशास्त्राचे आहे. व्हॉल्व्हची नळी ॲल्युमिनिअमची असते. तिच्यात साधी पितळी पिन घातली आणि पावसाचे क्षारयुक्त पाणी शिरले, तर विद्युतघट तयार होतो. ॲल्युमिनिअम अधिक क्रियाशील असल्याने तेच झिजते, पांढरी पूड धरते आणि पिन नळीत अडकून बसते. पुढच्या वेळी जोर लावला की नळीच मोडते. म्हणून इथे निकेलचा मुलामा दिलेली, चंदेरी दिसणारी पिन वापरतात आणि टोपीही प्लास्टिकची बरी.

करून पाहा : मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनिअमची पट्टी आणि पितळेचा तुकडा एकमेकांना न लागतील असे बुडवा आणि मल्टिमीटर जोडा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास विभवांतर दिसेल. व्हॉल्व्हमध्ये दडलेला घट हाच.

तीस ग्रॅमचे साडेसात किलो

नट किती आवळावा? बहुतेक सेन्सरांसाठी ४ ते ८ न्यूटन-मीटर. नेमका आकडा निर्मात्याने दिलेला असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दीड ते सव्वातीन किलोचा जोर लावला की झाले. चाकाच्या बोल्टांना साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात. तो सरावलेला हात इथे वापरला तर नळी तुटते किंवा रबर चिरडते.

सैल ठेवूनही चालत नाही. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर कोनीय गती सेकंदाला १११ रेडियन येते. सेन्सर अक्षापासून ०.२ मीटरवर आहे. कोनीय गतीचा वर्ग गुणिले त्रिज्या केले की त्वरण मिळते सुमारे २४७० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या अडीचशे पट. तीस ग्रॅमच्या डबीला जागेवर धरून ठेवायला साडेसात किलो वजनाइतके बल लागते. ती डबी आधीच तडकलेली असेल तर काय होईल, याची कल्पना करता येईल. चाकाचे बॅलन्सिंग सेन्सर बसवूनच करायला हवे, हेही यावरून कळते.

व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बाहेरून फिरकीने बसणारे सेन्सर बाजारात मिळतात. जुन्या गाडीला ते सोयीचे आहेत आणि टायर बदलताना ते नुसते काढून ठेवता येतात. पण त्यांनाही हेच गणित लागू आहे. दहा ग्रॅमचा सेन्सर महामार्गावर रबरी व्हॉल्व्हला दोन-अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढत असतो. म्हणून त्यांच्यासोबत धातूचा व्हॉल्व्ह आणि पुन्हा केलेले बॅलन्सिंग असावे. परत बसवल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, तेही पाहावे.

सेल, द्रव आणि ओळख

आतल्या सेन्सरचा सेल डबीतच राळेने बंद केलेला असतो. तो बहुधा पाच ते दहा वर्षे टिकतो आणि बदलता येत नाही. टायरचे आयुष्यही साधारण याच आसपासचे. म्हणून सहा-सात वर्षांच्या गाडीचे टायर बदलताना सेन्सरही बदलायचे का, हा विचार तेव्हाच करावा. दोन महिन्यांनी सेल संपला, तर त्यासाठी चांगला चढवलेला टायर पुन्हा उतरवावा लागतो.

पंक्चर बुजवणारा चिकट द्रव दाबाच्या बारीक छिद्रात गेला, तर सेन्सर खोटे आकडे देऊ शकतो. स्टेपनी नसलेल्या गाडीतल्या संचात अनेकदा असाच द्रव असतो. सेन्सरला चालणारा द्रव वापरावा आणि तो वापरल्यानंतर टायर उतरवून सेन्सर पुसून तपासून घ्यावा.

नवा सेन्सर घातला किंवा चाकांच्या जागा बदलल्या, की ओळख पुन्हा करून द्यावी लागते. काही गाड्या दहा-वीस मिनिटे चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना उपकरण लावून शिकवावे लागते. ते उपकरण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी झोपलेल्या सेन्सरला जागे करते. ही पायरी राहिली, तर पुढच्या डाव्या चाकाची हवा गेल्यावर गाडी मागच्या उजव्याचे नाव सांगेल.

इथे दिव्याची भाषा माहीत हवी. दिवा स्थिर जळत असेल तर हवा कमी आहे. बहुतेक गाड्यांत किल्ली फिरवल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणाच बिघडली आहे किंवा एखादा सेन्सर ऐकू येत नाही. टायर बदलून आल्यावर दिवा लुकलुकला तर त्याच दिवशी परत जावे. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली असेल तेव्हाही दिवा लुकलुकतो, पण त्यात बिघाड नसतो.

दिवा न लागणे म्हणजे सगळे ठीक नव्हे

सेन्सर फक्त दाब आणि तापमान जाणतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेखाली झिजली, बाजूला चीर पडली किंवा रबर जुने झाले, यातले काहीच त्याला कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते. टायरच्या भिंतीवर चार अंकी आकडा असतो. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवा टायर घेताना हा आकडा वाचायला मुलांना शिकवा.

दाबाच्या बाबतीतही दिवा उशिराच बोलतो. अमेरिकेच्या नियमात शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर सूचना मिळायला हवी. ३३ पौंडांच्या टायरसाठी ती पातळी पावणेपंचवीस येते. गरम टायरची हवा सोडणाऱ्या आपल्या चालकाकडे सव्वाअठ्ठावीस उरले होते. म्हणजे अशा गाडीत दिवा लागणार नाही आणि टायर मात्र रोज जास्त तापत राहील. महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी, साध्या गेजने हवा पाहण्याचे काम कोणत्याही सेन्सरने आपल्याकडून काढून घेतलेले नाही.

शाळेत यावर एक चांगला प्रकल्प होऊ शकतो. एक गेज आणि एक तापमापक घ्यावा. एखाद्या शिक्षकाच्या दुचाकीच्या टायरचा दाब डिसेंबर ते मे दर सोमवारी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी मोजावा. मध्ये हवा भरली तर तशी नोंद करावी. दाबाचा आणि तापमानाचा आलेख काढला, की तापमानामुळे किती फरक पडला आणि हवा झिरपल्यामुळे किती, हे वेगळे करता येते. गावातल्या टायरच्या दुकानात जाऊन कारागिरांकडून व्हॉल्व्हचे जुने भाग मागून आणावेत आणि वर्गात उघडून पाहावेत. जाताना मुलांनी या लेखातली खडूच्या खुणेची युक्ती त्यांना सांगावी. कारागिरांना टायर आपल्यापेक्षा जास्त कळतो. आत काय बसवले आहे, एवढेच त्यांना वेळेवर कळायला हवे.